काल पुनव झाली: नेरुळहून कोर्लईला गेलेल्या एका सहलीचं प्रकरण

नेरुळमधल्या एका विरंगुळा केंद्राचे सतरा जण जानेवारीतल्या एका रविवारी कोर्लईला जाऊन आले. सकाळी निघून रात्री परत, अशी एका दिवसाची सहल. दहा जणांनी किल्ला पाहिला, पाच जण दीपगृहाजवळ सावलीत बसून राहिले, दोघे खालच्या कातळावर उतरले आणि त्यातल्या एकाचं मनगट मुरगळलं. ज्यासाठी सहल आखली होती ती गोष्ट, म्हणजे भूशिराच्या टोकाशी पाण्याच्या कडेला बसून डबे उघडणं, कुणालाच जमली नाही.

नंतरच्या बैठकीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, वाटेत वेळ घालवला म्हणून घोटाळा झाला. दुसऱ्याचं म्हणणं, असल्या आडबाजूच्या खडकाळ जागी साठी-सत्तरीची माणसं नेलीच कशाला. दोन्हींत थोडंथोडं तथ्य आहे. पण त्या दिवशी पंचविशीतले सतरा जण ठरल्या वेळी तिथे पोचले असते, तरी डबे टोकावर उघडले गेले नसते. उलट वेळेवर पोचणं जास्त महागात पडलं असतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

जागा कशी आहे

रेवदंड्याचा पूल ओलांडला की अलिबाग तालुका संपतो आणि मुरूड तालुका लागतो. पुढे उजवीकडे कोर्लई गाव आहे, आणि गावाच्या पुढे समुद्रात घुसलेला लांबट, अरुंद डोंगर. पूर्वेला कुंडलिकेची खाडी, पश्चिमेला उघडा समुद्र, उत्तरेला खाडीचं तोंड. तीन बाजूंनी पाणी असल्यामुळे जमिनीवरून यायची आणि जायची बाजू एकच, गावाकडची. पश्चिमेच्या पायथ्याशी दीपगृह आहे. गावातून तिथवर सुमारे दीड किलोमीटरचा अरुंद रस्ता जातो आणि दीपगृहामागून किल्ल्याच्या पायऱ्या सुरू होतात.

अहमदनगरच्या निजामशाहीने या डोंगरावर तटबंदी घातली ती पलीकडच्या रेवदंड्यात बसलेल्या पोर्तुगिजांना खाडीच्या तोंडावर रोखण्यासाठी. पोर्तुगिजांनी सप्टेंबर १५९४ मध्ये हल्ला करून तो घेतला आणि पुढे जवळपास दीडशे वर्षं राखला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. डोंगराचा माथाच अरुंद, त्यामुळे किल्लाही पट्टीसारखा लांब. त्याला आडव्या भिंती घालून वेगवेगळे भाग पाडले आहेत. एका भागातून दुसऱ्यात जायचं तर दरवाजा ओलांडायचा, आणि परत यायचं तर तोच दरवाजा पुन्हा. शत्रूला अडवायला केलेली ही रचना आज दुखऱ्या गुडघ्यांना अडवते, हे सहल आखणाऱ्याने आधी ओळखलेलं बरं. वर पडक्या चर्चच्या भिंती, पोर्तुगीज शिलालेख, पाण्याचं टाकं, काही तोफा आणि शंकराचं छोटं मंदिर आहे. उत्तर टोकाला खाली पाण्याच्या बाजूला क्रूसाची बातेरी, म्हणजे तोफांचा मोर्चा.

आणि या सगळ्याच्या पायाशी काळा कातळ. पाणी उतरलं की तो उघडा पडतो, चढलं की दिसेनासा होतो. छायाचित्रांत दिसतो तो उघडा पडलेला. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो फोटो फिरला आणि ज्याच्यामुळे सहल ठरली, तोही तसलाच.

आखणी

आयोजक एक निवृत्त मुख्याध्यापिका. केंद्रात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. त्यांची आखणी काटेकोर होती. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर, सकाळी साडेसहाला प्रस्थान, वडखळला नाश्ता, दहाला कोर्लई, साडेदहापर्यंत टोक, कातळावर डबे, दुपारी किल्ला, साडेतीनला परतीचा प्रवास. शनिवारी पौर्णिमा येत होती, म्हणून तो आठवडा धरला. परतताना खाडीवर चंद्र उगवताना दिसावा, ही त्यांची हौस. आता प्रतिपदेचा चंद्र सूर्यास्तानंतर बऱ्याच वेळाने उगवतो, तोवर गाडी पेणकडे लागलेली असणार, पण ते राहू द्या.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका सदस्याने दुसरा मार्ग सुचवला होता. नेरुळहून उरणची लोकल जानेवारी २०२४ पासून थेट झाली आहे. उरणला उतरून करंजा धक्का, तिथून रेवसची लाँच, पुढे एसटी किंवा सहा आसनी. वडखळची कोंडी पूर्ण टळते. चार धडधाकट माणसं असतील तर मी हाच मार्ग सांगेन. सतरा जण, त्यांचे डबे, पाण्याचे जार आणि दोन काठ्या घेऊन चार ठिकाणी चढउतार करायची, तर सकाळ त्यातच जाते. प्रस्ताव बारगळला, आणि ठीकच झालं.

आखणीत एकच गोष्ट कुठे आली नाही: समुद्र. वेळापत्रकात नाश्त्याला पंचवीस मिनिटं लिहिली होती. भरती-ओहोटीची ओळ नव्हती.

रविवार

गाडी सातनंतर हलली. उरण फाटा, पनवेल, पळस्पे, पेण इथवर ठीक. वडखळला नाश्ता लांबला, आणि तिथून अलिबागचा रस्ता रविवारी जसा असतो तसाच होता. हा टप्पा पंचविसेक किलोमीटरचाच, पण अटल सेतू झाल्यापासून मुंबईच्या गाड्याही पटकन येऊन इथेच रांगेत उभ्या राहतात. पोयनाडला गाडी थांबली ती थांबलीच. चौलला रामेश्वराचं दर्शन ‘वीस मिनिटांत’ घ्यायचं ठरलं होतं. देवळासमोरच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर मंडळी टेकली आणि पाऊण तास गेला.

कोर्लई गावात पोचायला सव्वाबारा झाले. गल्ल्या अरुंद, चालकाने ट्रॅव्हलर पुढे न्यायला नकार दिला. तो बरोबरच होता, समोरून दुसरी गाडी आली असती तर दोघंही अडकले असते. दीड किलोमीटर उन्हातून चालत मंडळी दीपगृहापाशी आली तेव्हा एक वाजायला आला होता आणि पाणी तुडुंब भरलं होतं. कातळ नावाची गोष्टच दिसत नव्हती. पश्चिमेच्या कडेला लाटा फुटत होत्या आणि तुषार वाटेपर्यंत येत होते.

दीपगृहाशी

इथे प्रकरणाचा गाभा आहे. बाईंचं म्हणणं होतं, तासभर थांबू, पाणी उतरेल. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, आलोच आहोत तर सरळ किल्ला करून घेऊ. त्यांचे जावई, वय अडतीस, हरिहरपासून कळसूबाईपर्यंत सगळं केलेले, त्यांना खालून कडेकडेने टोकाकडे जाता येतं का ते पाहायचं होतं.

सतरा जणांत सारसोळ्याचे एक नाना होते. उभं आयुष्य खाडीत होडी घातलेली. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “काल पुनव झाली ना. आज दुपारचा पानी सुकनार कसा?”

बाईंनी विचारलं, “मग उतरेल कधी, नाना?”

“सांचे. दिवस मावलतीला.”

नाना व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीत. त्यांना सहलीचं कळलं ते गाडीची वर्गणी द्यायच्या वेळी. ज्या माणसाला हे गणित झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं, त्याला ते कुणी विचारलंच नव्हतं.

मग तीन वाटा झाल्या. दहा जण पायऱ्या चढून किल्ल्यावर गेले, पाच जण सावली पाहून बसले, काका आणि जावई कडेने पुढे निघाले. नाना बसणाऱ्यांत.

पाण्याचं गणित

कोळीवाड्यांत एक हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, व्यवहारात बारा धरतात. प्रतिपदेला पाऊण वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, आकडा एक ते पंधराच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, पण सहलीच्या आखणीला एवढं पुष्कळ झालं.

यातून आमच्या किनाऱ्यापुरता एक नियम निघतो, आणि तो कुठल्याही पर्यटन पत्रकात मला दिसलेला नाही: पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास भरदुपारी सुकती कधीच मिळत नाही. त्या दिवसांत ओहोटीचं पाणी सर्वांत खाली जातं हे खरं, पण जातं ते सकाळी सहा-साडेसहाला आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला. नेरुळ-ठाण्याहून एका दिवसासाठी आलेला माणूस यातल्या कुठल्याच वेळी कोर्लईच्या टोकावर नसतो. शंभर-एकशेदहा किलोमीटर अंतर आणि वडखळ हे दोन्ही धरले तर तो तिथे अकरा ते तीन या वेळातच असतो. म्हणजे त्याला हवी ती ओहोटी अकरा ते तीनमधली. ती येते अष्टमी, नवमी, दशमीला.

आता बाईंच्या मूळ वेळापत्रकाकडे पाहू. समजा गाडी वेळेवर निघाली, वडखळ मोकळं मिळालं, रामेश्वराला खरंच वीस मिनिटं लागली, आणि मंडळी साडेदहा-पावणेअकराला टोकाकडे पोचली. त्या दिवशी सकाळची सुकती साडेसहाच्या सुमाराची. म्हणजे पोचेपर्यंत भरतीचे चार तास होऊन गेलेले. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात थोडं, मधल्या दोन तासांत सर्वांत जास्त. चार तासांत एकूण चढीच्या तीनचतुर्थांश पाणी चढून गेलेलं असतं. मुंबई बंदरात उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत भरती-ओहोटीतला सरासरी फरक साडेतीन मीटरांहून अधिक असतो. त्यातला चौथा हिस्सा शिल्लक, म्हणजे साधारण कमरेएवढं पाणी, वरून लाटा वेगळ्या. सखल कातळ तेव्हाच बुडालेला असता, पण वरचे टप्पे अजून कोरडे दिसले असते. मंडळी त्यांवर सतरंज्या पसरून बसली असती, आणि जेवण होईपर्यंत मागची परतीची घळ पाण्याने भरली असती. उशिरा पोचल्यामुळे निदान कातळच दिसला नाही आणि प्रश्न मिटला. उशीर झाला म्हणून बाईंवर जो राग निघाला तो म्हणूनच मला पटत नाही.

सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. शनिवारी पौर्णिमा, म्हणजे पुढच्या रविवारी अष्टमी. तोच वार, तीच गाडी, तेच लोक, एक आठवडा पुढे. सकाळी सहाच्या सुमारास भरती, बारा-सव्वाबाराला सुकती. रमतगमत अकराला पोचलात तरी पाणी उतरतंच आहे.

इथे एक पोटकलम आहे, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाणी चढतंही कमी, उतरतंही कमी. फरक दीड मीटरच्या आसपास. त्यामुळे फोटोत दिसतो तेवढा लांबवर उघडा पडलेला कातळ त्या दुपारी दिसणार नाही, तो उधाणाच्या सुकतीचा असतो. तरीही भांगाची सुकती उधाणाच्या भरतीपेक्षा सुमारे अडीच मीटर खाली असते, आणि पाणी संथपणे हलत असल्यामुळे गाफील माणसालाही सावरायला वेळ मिळतो. ज्येष्ठांच्या गटासाठी मी या दोन्हींत भांगच निवडेन, फोटो थोडा कमी आला तरी चालेल. लांबून येणारी मोठी उसळी मात्र तिथीवर अवलंबून नसते. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेचा लाटांचा इशारा आदल्या संध्याकाळी पाहावा लागतो.

तीन गट, एक पिशवी

जावई घसरले ते पावणेदोनच्या सुमारास, टोकापासून बरेच अलीकडे. सह्याद्रीतला कोरडा कातळ आणि भरतीच्या पट्ट्यातला ओला कातळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकावर बूट पकडतो, दुसऱ्यावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि तो काळ्यावर काळा असल्याने दिसत नाही. सावरायला हात टेकावा तर कालवांच्या कडा. त्यांचं मनगट मुरगळलं आणि तळहात कापला. गटातला सर्वांत तंदुरुस्त माणूस जखमी झाला, यात मला काही नवल वाटत नाही. बाकीच्यांना तिकडे जायचं धाडसच झालं नसतं.

प्रथमोपचाराची पिशवी बाईंजवळ होती आणि बाई वर चर्चच्या भिंतीपाशी. डोंगराच्या त्या अंगाला काकांच्या फोनला रेंज मिळेना. काका दीपगृहाकडे परत आले, तिथून कुणीतरी पायऱ्यांवरून हाका मारत वर गेलं, आणि पिशवी खाली यायला पाऊण तास लागला. दरम्यान जवळच असलेल्या गावातल्या एका होडीवाल्याने गोड्या पाण्याने हात धुऊन रुमाल घट्ट बांधला होता, तेवढ्यावर भागलं. दुसऱ्या दिवशी नेरुळला क्ष-किरण काढला, हाड शाबूत होतं. हाड मोडलं असतं तर पुढचं मोठं ठिकाण अलिबागचं जिल्हा रुग्णालय, आणि वाटेत रविवारचा चौल-नागाव रस्ता.

गट फोडणं चुकीचं नव्हतं. सतरा जणांना एका वेगाने चालवायचं तर ते सर्वांत थकलेल्याच्या वेगाने चालवावं लागतं, आणि मग किल्ला होतच नाही. पण फोडताना तीन गोष्टी बोलायच्या राहिल्या. कोण किती वाजता परत इथेच भेटणार, पिशवी कुणाकडे, आणि ठरल्या वेळी कुणी आलं नाही तर शोधायला कोण जाणार. दोन मिनिटांचं काम. पिशवी मधल्या ठिकाणी, म्हणजे बसणाऱ्यांजवळ ठेवायला हवी. वर गेलेल्यांनाही आणि खाली गेलेल्यांनाही परत तिथेच यायचं असतं.

किल्ल्यावर गेलेल्यांना चढायला पंचवीस मिनिटं लागली आणि उतरायला चाळीस. उलटं नाही. सुट्या दगडांवर वाळलेलं गवत, दरवाजांचे उंच उंबरे, आणि साठीनंतर गुडघा चढताना नव्हे, उतरताना कुरकुरतो. वेळापत्रकात मात्र चढ-उताराला सारखाच वेळ धरला होता.

बसून राहिलेल्या पाच जणांची सगळ्यांनी कीव केली, ती अनाठायी होती. नाना त्या होडीवाल्याशी जाळ्यांवर बोलत राहिले. दोघी मावश्या मागे गावात मासळी वाळवणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसल्या आणि त्यांचं आपसातलं बोलणं ऐकून चक्रावल्या. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली, नोलिंग नावाची बोली आजही घराघरांत चालते, बाहेरच्याशी मात्र मराठी. मावश्या बोंबील घेऊन आल्या. त्यांच्या लेखी सहल यशस्वी झाली.

साडेचारला गाडी सुटली. वडखळला अंधार, नेरुळला रात्रीचे साडेनऊ.

पुढची आखणी

केंद्राने माझ्याकडे मत मागितलं ते पुन्हा कोर्लईला जावं की जागा बदलावी, यावर. जागा उत्तम आहे, बदलू नये. बदलायची ती तारीख ठरवायची पद्धत. आधी दिनदर्शिकेत अष्टमी ते दशमी शोधायची, मग त्यातला वार पाहायचा, मग गाडी. पोचल्यावर पाणी उतरत असेल तर आधी कातळ, नंतर किल्ला. सुकतीची वेळ होऊन गेली असेल तर कातळ सोडून द्यायचा. आणि कुणाला पौर्णिमेचीच हौस असेल तर पौर्णिमेला जावं, पण किल्ल्यासाठी म्हणून जावं आणि डबे वर टाक्याजवळ उघडावेत. पाणी भरलेलं असताना वरून खाडीचं तोंड आणि पलीकडचा रेवदंडा फार देखणा दिसतो, असं वर गेलेल्या दहाही जणांनी सांगितलं.

बैठकीत बाईंनी स्वतःच दिनदर्शिका काढली. पुढच्या शुक्ल पक्षातली नवमी सोमवारी निघाली. निवृत्तांना सोमवार काय आणि रविवार काय, आणि वडखळची निम्मी गर्दीही टळते. नानांना फोन करून विचारलं, त्यांनी नवमी चालेल म्हणून सांगितलं, वर “उजाडायच्या आत निघा” हेही. काकांची शंका एवढीच की सोमवारी दीपगृह आतून पाहू देतात का. ते आधी विचारून ठेवायचं काम त्यांच्याकडेच दिलं आहे.